साडूंचं टेनिस

अख्ख्या मराठवाड्यात जेवढा म्हणून राग आहे, त्यातला निम्मा आमच्या साडूंच्या अंगात आहे आणि उरलेला निम्मा त्यांच्यामुळे इतरांना येतो. ह्या दुसऱ्या निम्म्यात माझा वाटा मोठा. ते लातूरला, मी नांदेडला. मध्ये बसचा चांगला कंटाळा येईल एवढा रस्ता आहे, तरी हा माणूस फोनवरून माझं डोकं फिरवतो, आणि माझं डोकं फिरलं की मी गिऱ्हाइकाच्या उजव्या डोळ्याची काच डावीकडे बसवतो. चष्म्याचं दुकान आहे माझं. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येऊन भांडतं, मग मी त्याच्यावर ओरडतो, मग ते गिऱ्हाईक घरी जाऊन बायकोवर ओरडत असणार. असा हा राग लातूरहून निघतो आणि कुठवर पोचतो देव जाणे.

साडू एस.टी.त कंट्रोलर होते. सगळी नोकरी माइकसमोर गेली. त्यामुळे हळू बोलणं म्हणजे काय, हे त्यांना माहीतच नाही. घरातसुद्धा ते स्टँडवर असल्यासारखेच बोलतात. चहा गरम असला तर ‘तोंड भाजायला बलावलं का मला?’ आणि निवला तर ‘मेल्यावर पाजायचा होता का?’ मधल्या अवस्थेतला चहा त्यांना आजवर कुणी देऊ शकलेलं नाही. पेपर उशिरा आला तर पेपरवाल्यावर राग, वेळेवर आला तर आतल्या बातम्यांवर. माझ्या पुतणीच्या लग्नात वरात रस्त्यावर नाचत बसली आणि मांडवात माणसं भुकेनं कासावीस झाली, तेव्हा ह्या गृहस्थांनी बँडवाल्याचा माइक ओढून घेतला आणि जाहीर केलं, ‘वरपक्षाची वरात, जी मघाच लागायला पाहिजे होती, ती अजून लागलेली नाही. नवरदेवानं नाचणं सोडून ताबडतोब फलाटावर यावं.’ नवरदेव खरोखर धावत आला. त्याच्या वडिलांनी आमच्याशी पुढं कित्येक दिवस बोलणं टाकलं होतं, आणि त्याचा रागही साडूंनाच आला.

एवढं सगळं मी सहन केलं असतं. पण साडूंना टेनिस आहे. ‘आहे’ अशासाठी म्हणतो की एखाद्याला दमा असतो, संधिवात असतो, तसं त्यांना टेनिस आहे.

पुण्यामुंबईच्या वाचकांना इथंच एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमच्याकडं क्रिकेटचे दोन पंथ आहेत. एक लेदर आणि एक टेनिस. लेदर म्हणजे कातडी चेंडू, पायाला पॅड, पांढरे कपडे, साहेबी कारभार. टेनिस म्हणजे रबरी केसाळ चेंडू, अंगावर असेल ते, पायात असेल ते, आणि विटांचे स्टंप. ‘तू काय खेळतो?’ असं विचारलं की पोरगा ‘टेनिस’ म्हणतो आणि विचारणारा मान डोलावतो. ‘भव्य टेनिस स्पर्धा’ असे कापडी फलक हदगावपासून निलंग्यापर्यंत चौकाचौकांत लागतात. ते वाचून रॅकेट आठवलेला माणूस मी तरी आमच्या भागात पाहिला नाही. चेंडू टेनिसचा, म्हणून खेळ टेनिस. ह्यात कुणाला काही वावगं वाटलेलं नाही.

साडूंचं मूळ गाव किल्लारीजवळ. त्यांना एक धाकटा भाऊ होता. त्याला मी पाहिलेलं नाही, माझं लग्न नंतरचं. पण त्याची गोलंदाजी मला तोंडपाठ आहे, कारण ती मी दर दिवाळीला ऐकली आहे. तो धावत कसा यायचा, मनगट कसं वळवायचा, आणि पंचक्रोशीतले दांडगे दांडगे गडी त्याच्यासमोर कसे हताश व्हायचे, हे सगळं. भूकंप झाला तेव्हा साडू लातूरला ड्युटीवर होते. धाकटा गावात होता. ह्यापलीकडं साडूंनी मला कधी काही सांगितलेलं नाही आणि मीही विचारलेलं नाही. पुढं गाव पत्र्याच्या शेडमध्ये राहत असताना मदतीचे ट्रक यायचे. त्यात ब्लँकेटं, भांडी, बायकांच्या उंच टाचांच्या चपला, काय वाट्टेल ते असायचं. एकदा कुणीतरी भल्या माणसानं टेनिसच्या चेंडूंचा एक खोका पाठवला होता. साडू त्या ट्रकवाल्यावर असे तुटून पडले म्हणतात, की बिचारा खोका टाकून पळाला. ‘लोकं मरून राहिले आन् हे चेंडू पाठवून राहिले!’ आणि मग त्याच चेंडूंनी, त्याच शेडांच्या मधल्या जागेत साडूंनी भावाच्या नावानं पहिली स्पर्धा घेतली. तेव्हापासून दर जानेवारीत ती होते. पुढं ते लातूरला स्थायिक झाले, स्पर्धाही लातूरला आली, आणि एका मोकळ्या प्लॉटवर चालू राहिली. ‘खंड पडायचा न्हाई,’ हे त्यांचं एकच वाक्य. आजारी असले तरी, पाऊस आला तरी, निवडणूक असली तरी खंड पडायचा नाही. स्पर्धेत ते स्वतःच अंपायर, स्वतःच कॉमेंट्रीवाले, आणि भांडण झालं तर दोन्ही बाजूही स्वतःच.

आणि तो प्लॉट गेला. तिथं कोचिंग क्लासच्या पोरांसाठी होस्टेल उठू लागलं.

आता लातूरला जाऊन ज्यांनी पाहिलंय त्यांना मी काय सांगायचं! एका गल्लीत फिजिक्स, दुसऱ्या गल्लीत बायोलॉजी, चौकाचौकात गुणवंतांचे भलेमोठे फोटो. साडू त्या फोटोंना रस्त्यातच थांबून बोलायचे. ‘हस की रे थोडं! एवढे मार्क पडले तरी चेहरा असा, कमी पडले असते तर काय केलं असतं?’ पाठीवर पोती घेऊन चाललेल्या पोरांना अडवून विचारायचे, ‘टेनिस खेळतो का?’ पोरगं घाबरून म्हणायचं, ‘अंकल, टेस्ट आहे.’ मग अंकलचा असा काही भडका उडायचा की ते पोरगं टेस्ट विसरत असणार. आमचं नांदेडही आता त्याच वाटेनं निघालंय आणि खोटं कशाला बोलू, माझं दुकान त्याच्यावर चाललंय. साडूंना तेही खुपायचं. ‘तुमचं बरंय साडू. पोरं आंधळी होऊन राहिली, तुम्ही फ्रेमा दाखवून राहिले.’ मी म्हणायचो, ‘मग काय आंधळंच राहू देऊ?’ की फोन आपटला जायचा.

होस्टेलच्या मालकाशी भांडून झालं. त्यानं नम्रपणे चहा पाजला. चहा गरम होता, त्यावरून आणखी भांडण झालं. दुसरी मैदानं शोधून झाली. एकावर पार्किंग, एकावर फरशी, एकावर ‘सराव परीक्षा केंद्र’ असा मांडव. दिवाळी उलटली तरी जागा मिळेना. त्या दिवसांत साडूंचा फोन यायचा तेव्हा ते ओरडायचे खरे, पण ओरडण्यात दम नसायचा. बायको म्हणाली, ‘भाऊजींचं काही खरं दिसत नाही. ह्या वर्षी ती स्पर्धा झाली नाही तर ते अंथरूण धरतील बघा.’

अशात माझ्या मुलाचा पुण्याहून फोन आला. तो तिथं कंपनीत आहे. म्हणाला, ‘बाबा, इथं टेनिसचं मोठं स्टेडियम आहे. आंतरराष्ट्रीय मॅचेस आहेत, माझ्याकडं दोन पास आलेत. काकांना टेनिसचं वेड आहे ना? घेऊन या त्यांना.’ नोकरीला लागल्यापासून ह्या पोराच्या लेखी टेनिसचा अर्थ बदललेला दिसत होता, आणि माझ्या ध्यानात ते आलं नाही. मी साडूंना फोन लावला. माझं तेव्हा एका गिऱ्हाइकाशी वाजलेलं होतं, त्यामुळं मी काय बोललो ते मलाही धड आठवत नाही. एवढंच म्हणालो असेन की पुण्यात टेनिसचं मोठं स्टेडियम आहे, चला. पलीकडून पहिल्यांदाच ओरडण्याऐवजी प्रश्न आला.

‘निस्त्या टेनिससाठी?’ साडू म्हणाले.

‘हो, निस्त्या टेनिससाठी.’

‘सरकारनं बांधलं?’

‘मग काय मी बांधलं? येताय का नाही?’

‘येतो की! कामून न्हाई येणार?’ आणि त्यांनी चक्क फोन हळूच ठेवला.

बसमध्ये कळलं की साडू मॅच बघायला निघालेच नव्हते. ते जागा मागायला निघाले होते. अंगात इस्त्रीचा सदरा, नवी टोपी. ‘तिथल्या साहेबाला भेटायचं,’ ते म्हणाले. ‘एकच दिवस मागायचा. फायनलपुरता. बाकीच्या मॅचा मी शेतात उरकतो कुणाच्या तरी. म्हणायचं, साहेब, तुम्ही टेनिसची एवढी कदर करून राहिले, आमच्या धाकट्यासाठी एक दिवस द्या.’ मी खिडकीबाहेर बघत होतो. पुण्याचं स्टेडियम लातूरच्या स्पर्धेला कोण देतो, असं माझ्या मनात आलं. पण स्टेडियम कशाचं, हा प्रश्न माझ्याही मनात आला नाही. साडूंची टोपी इतकी नवी होती की मला उगाच राग आला.

मुलानं आम्हाला फाटकाशी सोडलं आणि तो रविवार असूनही ऑफिसला गेला. आत जाताना पिशवी तपासली. धपाट्यांचा डबा बाहेर ठेवा म्हणाले. साडू त्या तपासणाऱ्याला म्हणाले, ‘वास घे. बाँबला ठेच्याचा वास येतो का?’ शेवटी डबा बाहेर राहिला आणि आम्ही आत गेलो. केवढं ते स्टेडियम! खुर्च्याच खुर्च्या, वर दिवे, सगळं झकपक. साडू पायरीवरच थांबले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली, जशी मोठ्या साहेबासमोर काढतात तशी, आणि म्हणाले, ‘वा रे वा.’ लग्नानंतरच्या एवढ्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून एखाद्या गोष्टीची तारीफ ऐकली ती ही एक.

मग त्यांनी खाली पाहिलं.

‘मैदान लहान हाय,’ ते म्हणाले. ‘आन् नेट कामून बांधलंय मधी?’

मी त्यांच्याकडं बघितलं आणि सगळं एकदम ध्यानात आलं. पण सांगायची हिंमत होईना. ‘सोडतील,’ असं काहीतरी मी पुटपुटलो.

‘आदुगर व्हॉलीबॉल झालं असंल,’ साडूंनीच मार्ग काढला आणि ते स्वस्थ बसले. नेट काही सुटलं नाही. दोन परदेशी पोरी आल्या. एक माणूस उंच खुर्चीवर चढून बसला. ते मात्र साडूंना फार पटलं. ‘अंपायरला अशी खुर्ची पाहिजे. कुणी कॉलर धरायला नको.’ खेळ सुरू झाला. पोरी चेंडू इकडून तिकडं मारू लागल्या. साडू वाट बघत होते की सराव कधी संपतो. मग कुणीतरी मोठ्यानं ‘आऊट’ म्हटलं, आणि साडू ताडकन उभे राहिले.

‘कोण आऊट? झेल कुणी घेतला?’

माइकवर वाढलेला तो आवाज. सगळं स्टेडियम वळून बघायला लागलं. खुर्चीवरल्या माणसानं शांत राहायला सांगितलं. मी साडूंच्या सदऱ्याला धरून खाली ओढलं, म्हटलं, ‘बसा की हो गप, इज्जत घालवता का?’ बसले. पण फलकावर आकडे बदलायला लागले आणि त्यांच्यातला कंट्रोलर जागा झाला. ‘एका चेंडूला पंधरा रन? बरं, पंधराचे तीस झाले, समजू शकतो. तीसचे चाळीस कसे? पाच कुठं गेले? ह्यांना लातूरला क्लास लावा म्हणावं कुणीतरी!’

आजूबाजूची माणसं हसायला लागली. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी, काळा गॉगल, गळ्यात ओळखपत्र, मागं वळून अगदी समजूतदारपणे सांगितलं, ‘काका, हे टेनिस आहे. तुम्हाला क्रिकेट अपेक्षित होतं का?’

‘मला नका सांगू टेनिस काय हाय!’ साडू ओरडले. ‘पंचवीस वरसं झाली टेनिस घेऊन राहिलो मी!’

‘काका, मग नेटशिवाय घेत होता का?’ कुणीतरी मागून म्हणालं. मोठा हशा झाला, आणि त्या हशात मीही हसलो. माझं हसणं दाबूनही दबेना. साडूंनी माझ्याकडं पाहिलं. मी रागाची तयारी केली होती, ती वायाच गेली. त्यांनी टोपी घातली, उठले आणि माणसांच्या पायांवर पाय देत बाहेर चालू लागले. साहेबांना भेटायचं, जागा मागायची, सगळं तिथंच राहिलं. मी मागं पळालो. बाहेर धपाट्यांचा डबाही घेतला नाही त्यांनी. तो मी घेतला.

आता मला राग आला होता, आणि तो चांगला सणसणीत राग होता. त्या गॉगलवाल्याचा, माझ्या पोराचा, साडूंचा, आणि सगळ्यात जास्त आपल्याला हसू आलं ह्याचा. साडू रस्त्यानं झपाझप चालले होते. आजूबाजूला एक टॉवर झाला की दुसरा टॉवर. प्रत्येकाला इंग्रजी नाव, प्रत्येकाला काचेचं फाटक, आणि रस्त्यावर माणूस म्हणून दिसेल तर शपथ. एका फाटकाच्या आत हिरवंगार गवत होतं, त्यावर पाटी होती की गवतावर चालू नये. साडू त्या पाटीसमोर थांबले. ‘मग कुणी चालायचं? गाढवानं?’ एका हॉटेलात कॉफी पिणारी माणसं कॉम्प्युटरमध्ये तोंड खुपसून बसलेली. तिथं साडू काचेवर टकटक करणार होते, मी हात धरला. मी म्हणालो, ‘साडू, झालं ना आता. चुकलं माझं. चला, बस गाठू.’

‘तुमचं काय चुकलं?’ ते माझ्याकडं न बघता म्हणाले. ‘माझंच चुकलं. धाकट्याला सगळे टेनिसवाला म्हणायचे. आन् हे लोक म्हणून राहिले की टेनिस दुसरंच काही हाय. मग तो काय खेळत होता?’

मी डबा काखेत मारला आणि त्यांच्या मागं चालत राहिलो.

एका टॉवरच्या फाटकावर वॉचमन बसला होता. निळा गणवेश, हातात मोबाइल. आम्हाला बघून तो उठला. ‘काका, कुणाकडं जायचंय?’ त्या एका ‘जायचंय’च्या हेलावरून साडूंनी ओळखलं.

‘कुठला तू?’

‘हदगावचा. तुम्ही?’

‘लातूर.’ आणि मग साडूंनी त्याला विचारलं, अगदी भांडण उकरून काढायच्या सुरात, ‘इथं टेनिस कुठं खेळतेत?’

स्टेडियमचे दिवे तिथून दिसत होते. आता हा पोरगा हात करून तिकडंच दाखवणार आणि साडू त्याच्या नरड्याला हात घालणार. पण त्या हदगावच्या गड्यानं स्टेडियमकडं पाठ केली आणि नेमकं उलट दिशेला बोट दाखवलं. ‘त्या पांढऱ्या टॉवरच्या मागं मोकळा प्लॉट हाय काका. आज इतवार हाय, आपलीच पोरं खेळून राहिली असतील. जावा तुम्ही, माझी ड्युटी सुटली की मी बी येतो.’

साडूंनी माझ्याकडं असं पाहिलं, की त्या गॉगलवाल्याला तिथं आणून उभं करावं असं मला वाटलं.

प्लॉटवर चांगला खेळ रंगला होता. सुट्टीवरचे वॉचमन, फरशी बसवणारे, घरपोच डबे पोचवणारे. कुणी नायगावचा, कुणी औशाचा, कुणी उदगीरचा. तो उदगीरचा चुकला की कानडीत शिव्या घालत होता. ज्यांना कुठल्या क्लासनं घेतलं नाही, किंवा घेऊन सोडून दिलं, अशी आमच्याकडची पोरं तिथं होती. विटांचे स्टंप, एकाच बाजूला बॅट. साडू कुणाला न विचारता सरळ अंपायरच्या जागेवर जाऊन उभे राहिले आणि दुसऱ्याच चेंडूला कडाडले, ‘नो बॉल! पाय बघ, पाय! मैदान काय तुझ्या सासऱ्याचं हाय?’ गोलंदाज दचकला, पण कुणी ‘तुम्ही कोण?’ म्हणून विचारलं नाही. एक बॅट्समन पायचीत दिल्यावर भांडायला लागला, तेव्हा साडूंनी त्याची अशी खरडपट्टी काढली की पलीकडच्या टॉवरमधली बायका-माणसं गॅलरीत आली. पोरं खूश होती. घरचं कुणीतरी शिव्या घालायला आलं म्हणून खूश असतात तशी. मी विटांच्या ढिगावर बसून धपाटे वाटले.

डाव संपल्यावर औशाचा पोरगा म्हणाला, ‘काका, एक ओव्हर टाका की. तुम्ही जुने खेळाडू दिसता.’ मलाही उत्सुकता होती. मी साडूंना शेकडो वेळा टेनिसबद्दल बोलताना ऐकलं होतं, खेळताना मात्र कधी पाहिलं नव्हतं. साडू नको नको म्हणाले. पोरांनी हातात चेंडू कोंबला. त्यांनी टोपी माझ्याकडं दिली, धोतर खोचलं, आणि धावत आले. काय सांगू! चेंडू त्यांच्या हातून सुटला तो मागं गेला. अंपायरच्याही मागं. दुसरा सरळ आभाळात. तिसरा बॅट्समनपर्यंत पोचलाच नाही, मध्येच बसला. कुणी हसलं नाही, त्या पोरांचं कौतुक वाटतं मला. साडू थांबले. चेंडूकडं बघत राहिले.

‘मला कधीच आलं न्हाई,’ ते म्हणाले. आणि एवढ्या हळू म्हणाले की जवळ उभं राहूनही मला कान द्यावा लागला. ‘सगळं त्यालाच यायचं. मी निस्ता बांधावरून वरडायचो. ते तेवढं येतं मला.’

मीच मग पोरांना सगळं सांगितलं, भाऊ, भूकंप, स्पर्धा, होस्टेल. मला वाटतं मी जरा चढ्या आवाजातच सांगितलं. औशाचा पोरगा म्हणाला, ‘मग जानेवारीत इथं घ्या की काका. मालक अजून दोन-तीन वरसं तरी काही बांधत न्हाई म्हणतेत. आमच्याच पाच टीमा होतील.’ साडू लगेच त्याच्यावर खेकसले, की पाच कशा होतील, रविवारची ड्युटी कोण करणार, आणि चेंडू कोण आणणार. म्हणजे ठरलं.

त्या जानेवारीत स्पर्धा झाली, आणि खंड पडला नाही. स्टेडियमपासून हाकेच्या अंतरावर, ‘भव्य टेनिस स्पर्धा’ असा फलक लावून. येणारेजाणारे मोटारीतून फलक वाचायचे, मग मैदानाकडं बघायचे, आणि गोंधळून जायचे. साडूंना त्यातून केवढा आनंद मिळायचा ते त्यांच्या शिव्यांवरून कळत होतं.

पण मालक बांधत नाही म्हणतात तेव्हाच बांधतात. यंदा तिथंही पत्रे ठोकले. औशाचा पोरगा कुठं दुबईला गेला, हदगावचा परत हदगावला. आणि साडूंचे गुडघे गेले. आता ते लातूरच्या घरात खिडकीशी बसून असतात. परवा फोन आला. ‘नांदेडात एखादी मोकळी जागा हाय का?’ एवढंच विचारलं. मी म्हणालो, ‘माझं दुकान कोण बघणार? मला दुसरे उद्योग नाहीत का?’ नेहमीसारखं. पलीकडून नेहमीसारखा भडका येईल म्हणून मी फोन कानापासून लांब धरला. काही आलं नाही. नुसतं ‘बरं’ म्हणाले आणि ठेवला. त्या ‘बरं’नं माझी झोप उडवली. शिव्या घाल की रे बाबा, असं मी त्या बंद फोनला म्हणालो. बायको म्हणाली, कुणाशी बोलताय?

तेव्हापासून मी दुकान नोकरावर टाकून स्कूटरवर फिरतोय. जागा दिसते आणि जवळ गेलं की पाटी असते, ‘नियोजित अभ्यासिका’. ह्या शहरात पोरांना बसायला एवढ्या जागा आहेत आणि उभं राहायला एक नाही, ह्यावर मी वाटेत दोघांशी भांडलो. शेवटी काल अर्धापूरच्या रस्त्याला, केळीच्या बागेला लागून एक पडीक तुकडा सापडला. मालक बागेतच होता. भला माणूस. म्हणाला, ‘काय करायचंय?’

‘टेनिस,’ मी म्हणालो.

‘टेनिस? मग नेट कुठं बांधणार?’

अहो, मी असा भडकलो! टेनिसला नेट कशाला लागतं, आमच्याकडं कधी लागलंय का, टीव्ही बघून बघून तुम्ही लोक आपली भाषा विसरायला लागलात, असं काय काय मी बोललो. माणूस गांगरून गेला. म्हणाला, ‘घ्या बापा, घ्या. एक दिवसानं माझं काय जातंय.’ मग मला पाणी दिलं, केळी दिली. जरा वेळानं, मी शांत झालोय असं बघून, त्यानं विचारलं की स्पर्धा कुणाच्या नावानं आहे. मी नाव सांगितलं. किल्लारीकडचा, भूकंपात गेला, हेही सांगितलं.

त्यानं मान खाली घातली. मग म्हणाला, ‘तुमचा कोण लागत होता?’

साडूच्या भावाला काय म्हणतात, मला माहीत नाही. त्याला मी पाहिलेलंही नाही. कुणी नाही, असंच खरं तर म्हणायला हवं होतं.

‘आमचा धाकटा,’ मी म्हणालो.